दुसऱ्या डिस्कवरची हडळ

रामेश्वरला शाळेत कुणी रामेश्वर म्हणत नसे. ‘हडळीचा’ म्हणत. हजेरी चालू असताना मागच्या बाकावरून हळूच आवाज यायचा, “हडळीचा हजर!” आणि सगळा वर्ग खिदळायचा. मास्तरही मिशीत हसायचे.

त्याला कारण होतं. त्याची आई म्हाळसाबाई एका सिनेमात हडळ झाली होती. औरंगाबादच्या छावणीच्या पलीकडं, दौलताबादच्या वाटेला त्यांचं गाव. बहात्तरच्या दुष्काळात मुंबईची एक कंपनी तिथं भुताचा सिनेमा काढायला आली. गावात जुनी बारव होती, पायऱ्या-पायऱ्यांची विहीर. त्या साली तिच्या तळाला ओलसुद्धा उरली नव्हती, आणि कंपनीला नेमकी तशीच विहीर हवी होती. सिनेमाचं नाव ‘कोरडी बारव’. तो पुढच्या वर्षी लागला आणि धो धो चालला. बायामाणसं किंचाळत टॉकीजबाहेर पळाली, असं लोक पुढं कैक वर्षं सांगत. सिनेमाच्या शेवटाकडं हडळ बारवेच्या भिंतीवरून पालीसारखी सरपटत वर येते, काठाला पोचते, तोंडावरचे केस बाजूला सारते आणि सरळ आपल्याकडं बघते. तो चेहरा गावानं ओळखला. ही तर सोनाजी मेंढक्याची म्हाळसा!

रामेश्वर तेव्हा जन्मालाही आला नव्हता, पण त्या चेहऱ्याची उधारी त्याच्या नावावर चढली. एकदा मारामारी करून, सदरा फाडून घेऊन तो घरी आला. म्हाळसाबाई कोकराला दूध पाजत बसली होती.

“माय, तू काहून केलंस ते?” त्यानं रडत विचारलं.

“पाणी पायजे हुतं,” ती म्हणाली.

त्याला काही समजलं नाही, आणि त्यानं पुन्हा विचारलंही नाही. सिनेमा मात्र त्यानं कधी पाहिला नाही. टॉकीजला पुन्हा लागला तेव्हा नाही, टीव्हीवर आला तेव्हाही नाही. आईबरोबर बाजाराला जायची वेळ आली की तो चार पावलं मागं राहायचा.

मग शहर वाढत वाढत गावाला येऊन भिडलं. तेव्हा शहराला औरंगाबादच म्हणत. त्याच्या बापानं, सोनाजीनं, जिथं जन्मभर मेंढरं चारली त्या बरडावर चुन्याच्या फक्क्या पडल्या, दगड रोवले गेले, प्लॉट निघाले. सोनाजी वारला आणि रामेश्वर प्लॉटिंगच्या धंद्यात शिरला. आधी गिऱ्हाइकं फिरवायचा, मग भागीदार झाला, मग कमानीवर त्याचं स्वतःचं नाव लागलं, ‘रामेश्वर नगरी’. बारव त्याच जमिनीत मधोमध येत होती. त्यानं ती मुरूम आणि पडक्या घरांचा राडारोडा टाकून बुजवली आणि वर रो-हाऊस उठवली. टिप्पर खाली होत होते तेव्हा म्हाळसाबाई पदर तोंडाला लावून बांधावर उभी होती. धुळीमुळं असेल, असं त्याला वाटलं.

दोन हजार तेराच्या उन्हाळ्यात पुन्हा तशीच गत आली. जायकवाडी तळाला गेलं, बोअर फुफाटा ओकू लागले, रामेश्वर नगरीत दिवसाआड टँकर यायचा आणि त्याच्यामागं घागरींची झुंबड उडायची. त्याच दिवसांत पुंडलिक बातमी घेऊन आला.

पुंडलिक हा त्याचा शाळेपासूनचा दोस्त. त्याला ‘हडळीचा’ न म्हणणारा वर्गातला एकटा. छावणीच्या बाजारात त्याचं सिनेमाचं दुकान होतं. आधी कॅसेटी भाड्यानं द्यायचा, मग डीव्हीडी, आणि हल्ली मोबाईलची कव्हरं विकून दुकान तगवून होता. भुताच्या सिनेमांवर त्याचा जीव. ‘कोरडी बारव’ त्याला तोंडपाठ होता. लहानपणी तो म्हाळसाबाईला विचारायचा, “काकू, त्या भिंतीवर तुम्ही चढलात तरी कशा?” ती उठून कामाला लागायची.

“राम्या, चाळिसावं वर्ष आहे,” पुंडलिक धापा टाकत म्हणाला. “मुंबईची कंपनी सिनेमा धुऊनपुसून नवा काढतेय. डबल डिस्क! पहिल्या डिस्कवर सिनेमा, दुसरीवर खास गोष्टी. कसा केला, कुठं केला, कोण होतं. आणि त्यांना हडळ सापडत नाही. सिनेमाच्या सुरुवातीच्या पाट्यांमध्ये तिचं नावच नाही ना. मी त्यांना कळवलं, हडळ आमच्या इथं आहे म्हणून.”

रामेश्वरच्या कपाळाला आधी जुनीच आठी पडली. मग पुंडलिकनं त्याला मोबाईलवर दाखवलं, या सिनेमावर लोक काय काय लिहितात ते. पुण्याचे, दिल्लीचे, परदेशातले. ‘भारतीय भयपटातला सर्वांत भेदक चेहरा’, असं कुणीसं लिहिलं होतं. रामेश्वरनं ते दोनदा वाचलं. ज्या चेहऱ्यापायी त्यानं मार खाल्ला, त्याला इथं लोक कलाकार म्हणत होते. त्याच्या मनात कमानीवरचा नवा बोर्ड लगेच रंगलासुद्धा.

म्हाळसाबाई मात्र हलेना. “नाय बाबा. मेलं मढं काहून उकरायचं?”

“काकू, जगभरचे लोक नाव विचारतात,” पुंडलिक म्हणाला. “हडळ कोण होती म्हणून.”

तिनं मान वर केली. “नाव लिव्हणार का त्याच्यावर?”

“लिहिणारच की. त्यासाठी तर येतायत.”

तिनं हातातली कोथिंबीर निवडून संपवली. मग म्हणाली, “मंग बोलते. पण सगळं बोलन. मधी मला कुनी आडवायचं नाय.”

“कोण अडवतंय तुला!” रामेश्वर म्हणाला. सगळं म्हणजे काय, हे त्यानं विचारलं नाही. त्याच संध्याकाळी तिनं त्याला सिल्लोडचा एक नंबर लावून द्यायला सांगितला. त्यानं तो लावला, फोन तिच्या हातात दिला आणि गिऱ्हाइकाकडं निघून गेला. सिल्लोडला तिची जुनी ओळखीची कुणी बाई राहते, एवढंच त्याला ठाऊक होतं.

कंपनीची माणसं सकाळीच आली. एक कॅमेरावाला, एक आवाजवाला आणि चष्मा घातलेला, सारखं घड्याळ बघणारा त्यांचा मुख्य माणूस. त्यांनी आधी बारव दाखवा म्हटलं. रामेश्वरनं त्यांना रो-हाऊसपाशी नेलं आणि “इथं होती,” असं म्हणून बूट बघत उभा राहिला. चष्मेवाल्यानं खांदे उडवले आणि कमानीचं थोडं चित्रण करून घेतलं.

मग घरात बैठक मांडली. म्हाळसाबाई हिरवं लुगडं नेसून खुर्चीत ताठ बसली आणि बोलायला लागली. ती कधी फार बोलणारी बाई नव्हती, पण त्या दिवशी जणू बांध फुटला. स्वयंपाकघराच्या दाराशी रामेश्वरची बायको शीला चहाचं पातेलं हातात धरून उभी होती, ती तशीच खाली बसली. रामेश्वर कॅमेऱ्याच्या मागं होता. पण त्याचा फोन वाजत होता. टँकरवाला रस्त्यात अडकला होता, रजिस्ट्रीला एक सही कमी पडत होती. तो सारखा अंगणात जायचा, यायचा, पुन्हा जायचा. आला की आईचे ओठ हलताना दिसत. ‘खडी’, ‘मुकादम’, ‘सुकडी’, असे सुटे सुटे शब्द कानांवर पडत. दुष्काळी कामाचं चाललंय, असं त्याला वाटलं. ते काय, सगळेच म्हातारे सांगतात.

दुपार कलली तेव्हा चष्मेवाला मधेच म्हणाला, “आजी, छान. आता शेवटी तेवढी सिनेमातली किंकाळी मारून दाखवा.”

“वरडायचं?” म्हाळसाबाईनं विचारलं. “आता या वयात काय वरडू?”

“लोकांना तेच हवंय, आजी.”

तिनं रामेश्वरकडं पाहिलं. त्यानं फोनवर हात ठेवला आणि म्हणाला, “ओरड ना माय. त्यात काय एवढं?”

ती ओरडली. बाहेर टँकरपाशी उभ्या असलेल्या बायका दचकून गप्प झाल्या. रामेश्वरला छाती फुगल्यासारखं वाटलं.

पावसाळा सरत आला तेव्हा डिस्क आली. लालकाळ्या रंगाचा चकचकीत पुठ्ठ्याचा डबा, वर म्हाळसाबाईचे तरुण डोळे. रामेश्वरनं कॉलनीच्या सभागृहात रविवारी दुपारी खेळ लावला. गिऱ्हाइकं बोलावली, नातेवाईक बोलावले, नगरसेवकाला हार घातला. पुंडलिकनं प्रोजेक्टर आणला. “आधी एकदा दुसरी डिस्क बघून घेऊ,” असं तो म्हणत होता. रामेश्वरनं ऐकलं नाही. सगळ्यांबरोबर पहिल्यांदा बघण्यात मजा, असं त्याचं म्हणणं. पहिल्या रांगेत त्यानं आईला मधोमध बसवलं आणि स्वतः तिच्या शेजारी बसला.

सिनेमा सुरू झाला आणि चाळिशीला टेकलेल्या रामेश्वरनं आयुष्यात पहिल्यांदा तो पाहिला. हडळ भिंत चढू लागली तेव्हा सभागृहात कुणी हूं की चूं करेना. ते चढणं माणसाचं वाटतच नव्हतं. एकेक बोट दगडाच्या फटीत रुतत होतं, कोपरं उलटी वळल्यागत दिसत होती. चढण संपली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. रामेश्वर उठून मागं वळला आणि त्यानं सगळ्यांना हात जोडले. म्हाळसाबाई त्याचा सदरा ओढत होती. “बस खाली,” असं काहीसं ती पुटपुटली. विनय असेल, असं त्याला वाटलं.

मग दुसरी डिस्क लागली. आधी जुनी जाहिरात, ओरखड्यांनी भरलेली. मग पोस्टरांचे फोटो, एकामागून एक, मागं भसाडं संगीत. मग मुंबईत सोफ्यावर बसलेला कुणी एक जाणकार भीती म्हणजे काय यावर बोलत राहिला. लोक जांभया देऊ लागले. पुढं ‘तेव्हा आणि आता’ अशी पाटी आली. ‘तेव्हा’मध्ये बारव होती आणि ‘आता’मध्ये रामेश्वर नगरीची कमान, त्याच्या मोबाईल नंबरासकट. मागून कुणीतरी शिट्टी मारली.

आणि शेवटी वेडीवाकडी रंगीत अक्षरं नाचत आली, ‘हडळ भेटली!’

पडद्यावर म्हाळसाबाई दिसली. पदर सारखा करताना. “आँ?” म्हणताना. नाक पुसताना. “लई भ्या वाटलं,” एवढं एकच वाक्य, आणि त्याच्यामागं टुणटुण असा सर्कशीतल्यासारखा आवाज. मग किंकाळी. मग तीच किंकाळी पुन्हा, भरभर. मग पुन्हा, हळू, चेहरा ताणून लांब केलेला, तोंडातले पडलेले दात मोठे करून दाखवलेले. पाटी आली, ‘समाप्त’.

सभागृह हसून लोटपोट झालं. आणि रामेश्वरही हसला. त्याला कळायच्या आत हसू बाहेर पडलं. शाळेत मागचा बाक हसला की आपणही हसून घ्यायचं, म्हणजे कमी लागतं, ही त्याची जुनी सवय. त्यानं मांडीवर थाप मारली, डोळ्यांत पाणी येईतो हसला.

म्हाळसाबाईनं त्याच्या दंडाला हात लावला. तिची नजर अजून कोऱ्या पडद्यावरच होती.

“पुढं लागंल ना आजून?” तिनं विचारलं.

त्याचं हसू तोंडातच थिजलं. मागं खुर्च्या सरकत होत्या, चहा-भजी आली होती. ती तशीच बसून राहिली, मांडीवर हात ठेवून. शेवटी शीला आली आणि तिला उठवून घरी घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी पुंडलिकच्या दुकानात बसून रामेश्वरनं चष्मेवाल्याला फोन लावला. चिडून, आवाज चढवून बोलला. “माझ्या आईनं तुम्हाला अर्धा दिवस दिला. तुम्ही तिचा तमाशा केलात. सगळं महत्त्वाचं कापून टाकलंत.”

“साहेब, डिस्कवर जागा कमी असते,” पलीकडचा माणूस थंडपणे म्हणाला. “आणि मूळ चित्रण आता पुसलं गेलंय. पण मला सांगा, नेमकं काय महत्त्वाचं कापलं गेलं? पुढची आवृत्ती निघाली तर निदान लिहून तरी टाकू.”

रामेश्वरनं तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं.

फोन स्पीकरवर होता. काउंटरच्या पलीकडून पुंडलिक त्याच्याकडं बघत होता. आधी वाट बघितल्यासारखं, मग हळूहळू समजल्यासारखं. “हॅलो? साहेब?” फोनमधला माणूस म्हणत राहिला. रामेश्वरनं फोन बंद केला.

“तू तिथंच होतास ना, राम्या?” पुंडलिकनं विचारलं.

“व्हय.”

“मग?”

एक गिऱ्हाईक मोबाईलचं कव्हर मागायला आलं, म्हणून रामेश्वर सुटला. घरी जाताना त्याला वाटलं, रस्त्यावरच्या सगळ्यांना हे कळलंय. शाळेतली हाक परवडली. तिच्यात त्याचा काही दोष नव्हता.

घरी म्हाळसाबाई भिंतीकडं तोंड करून पडली होती. जेवली नव्हती. शीलानं त्याला अंगणात बोलावलं.

“आत्याबाई सारखं एकच म्हणतायत. सरूला काय सांगू, सरूला काय सांगू.”

“कोण सरू?”

शीलानं त्याच्याकडं असं पाहिलं की त्याला मान खाली घालावी लागली. “तुम्ही काहीच ऐकलं नाही त्या दिवशी?” ती म्हणाली. मग तिनंच सांगितलं. ती सांगत होती आणि तो पायरीवर बसून चपलेनं माती उकरत होता.

सरूबाई गावाच्या खालच्या अंगाच्या बौद्ध वस्तीतली. दुष्काळी कामावर ती आणि म्हाळसाबाई शेजारी शेजारी बसून खडी फोडायच्या. बारवेला पाणी होतं तोवर सरूच्या माणसांना तिची पहिली पायरीसुद्धा उतरू देत नसत. वरून कुणी ओंजळीत ओतील तेवढंच त्यांचं. बारव आटली आणि सिनेमावाले आले. त्यांची नटी आत उतरायला तयार होईना. गावची एकही बाई धजेना. कोरड्या बारवेत आसरा, म्हणजे पाण्यातल्या भुताळ्या बाया, असतात म्हणत. तेव्हा मुकादमानं सरूला पुढं केलं. ती भिंत चढली ती सरू. पुन्हा पुन्हा तिला चढायला लावलं, आणि एकदा दगड निखळून ती तळाला आदळली. कंबरेचं हाड मोडलं.

कंपनी आपल्या माणसांसाठी रोज टँकर आणायची आणि उरलेलं पाणी गावाला भरू द्यायची. हडळच नाही म्हटल्यावर ते सामान बांधायला लागले. तेव्हा सरूनं बाजेवरून म्हाळसाबाईला सांगावा धाडला, तू उतर. टँकर गेला तर लेकरं मरतील. म्हाळसाबाई सरूचंच फाटकं लुगडं नेसून उतरली. काठावर येऊन केस बाजूला सारायचे आणि बघायचं, एवढंच तिचं काम. चेहरा तिचा लागला, म्हणून हडळ ती ठरली. सरूचं कुणी नावही घेतलं नाही.

“चाळीस वर्षं आत्याबाई हे गिळून बसल्या,” शीला म्हणाली. “नाव लिहिणार म्हटलं म्हणून बोलल्या. कॅमेऱ्यासमोर त्यांनी सरूबाईचं नाव कितीदा घेतलं असेल. सिल्लोडला फोन करून सांगितलं, सरू, तुझं नाव निघणार आता. तुम्हीच तर लावून दिला होता तो फोन.”

रामेश्वरला सभागृहातल्या टाळ्या आठवल्या. कुणाच्या चढण्यावर आपण हात जोडले, ते आठवलं. आणि जिथं एका बाईचं हाड मोडलं त्या खड्ड्यावर आपण मुरूम ओतला, हेही आठवलं. त्याला वाटलं, आता कुणी येऊन चार शिव्या द्याव्यात. पण शीला भांडी घासायला निघून गेली होती.

सकाळी त्यानं सिल्लोडला जायला गाडी काढली. म्हाळसाबाई मागच्या सीटवर बसली. चौका मागं पडला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मका पुरुषभर उंच उभी होती. फुलंब्रीच्या पुढं कधीतरी ती म्हणाली, “तिथं तू बोलू नकोस. मी बोलन.”

सरूबाई लेकीकडं राहत होती. ओसरीत बाजेवर बसलेली, हाताशी काठी. केस पांढरेशुभ्र, पण खांदे अजून रुंद. तिनं म्हाळसाबाईला पाहिलं आणि ती उठली नाही.

“बस,” एवढंच म्हणाली. लेकीनं पाणी आणलं.

“बघितलं आम्ही,” सरूबाई म्हणाली. “लेकीनं आणली ती तबकडी. सगळी आळी बसवली टीव्हीम्होरं. मी नवं लुगडं नेसले. म्हनलं, म्हाळसा शब्दाची हाय, आज निघंल नाव.” ती थांबली. “वरडलीस चांगली.”

म्हाळसाबाईनं तोंड उघडलं. रस्ताभर तिनं जुळवलेलं सगळं ओठांपर्यंत आलेलं दिसत होतं, पण शब्द फुटेना. मी बोलले गं, पण त्यांनी कापलं, हे कुणालाही सबबीसारखंच वाटलं असतं. तिनं डोळे मिटले आणि पदराचं टोक मुठीत आवळलं.

रामेश्वर म्हणाला, “काकू, मायनं सांगितलं होतं. तुमचं नाव, तुम्ही पडलात ते, टँकरचं, सगळं. त्या लोकांनी काढून टाकलं.”

सरूबाईनं त्याच्याकडं नजर वळवली. “तू ऐकलं?”

व्हय म्हणणं अगदी सोपं होतं. शीलानं सांगितलेलं त्याला आता पाठ होतं. तो ओळन्‌ओळ म्हणून दाखवू शकला असता आणि प्रकरण मिटलं असतं. त्यानं आईकडं पाहिलं. तिचे डोळे अजून मिटलेलेच होते.

“नाय,” तो म्हणाला. “मी तिथंच होतो, पण फोनवर होतो. ऐकलं ते माझ्या बायकोनं. मी नाय ऐकलं. ओरडायची तिची इच्छा नव्हती, तिला मीच ओरड म्हटलं. आणि लोक हसले तेव्हा...” तो आईकडं वळला. “तेव्हा मी पण हसलो. मायच्या शेजारी बसून.”

म्हाळसाबाईनं डोळे उघडले. हे तिला ठाऊक नव्हतं. ती तेव्हा पडद्याकडं बघत होती, आणि सभागृहाच्या हशात लेकाचं हसू तिला वेगळं कळलं नव्हतं. आता तिनं लेकाकडं पाहिलं, रागानं नव्हे. अनोळखी माणूस दारात उभा राहिल्यावर बघतात तसं. रामेश्वरला त्या ओसरीत स्वतःचे हात कुठं ठेवावेत कळेना.

सरूबाईनं काठी आपटली. “खरं बोललास ते बरं केलंस, लेका. पण त्यानं काय माझं नाव त्या तबकडीत जायचं नाय.”

“नाय जायचं,” तो म्हणाला.

“मंग झालं तर.” ती बाजेवर थोडी सरकली आणि म्हाळसाबाईला म्हणाली, “तू उठ गं. इकडं बस माझ्यापाशी. तू काहून तोंड पाडलंस? तू तर बोललीस.”

म्हाळसाबाई उठली आणि तिच्याजवळ जाऊन बसली. सरूबाईनं तिचा हात ओढून आपल्या कंबरेवर ठेवला, जिथं ते हाड वाकडं बसलं होतं. “हिवाळ्यात आजून ठणकतंय बघ,” ती म्हणाली. म्हाळसाबाई रडायला लागली, तशी सरूबाई तिच्यावर ओरडली, “आता रडायला काय झालं? कव्हाचं झालंय ते!” आणि स्वतःच पदरानं डोळे पुसू लागली.

जेवताना सरूबाईनं सहज विचारलं, “बारव हाय का रं तशीच? एकदा बघावी वाटती.”

रामेश्वरनं घास ताटात परत ठेवला. “नाय, काकू. बुजवली.”

“कुनी?”

“मीच.”

लेकीनं त्याच्या ताटात भाकरी वाढता वाढता हात थांबवला. सरूबाईनं भाजीच्या पाण्यात भाकरी बुडवली.

“आमच्या मानसांना तिनं कधी पानी दिलं नाय,” ती म्हणाली. “बुजली तर बुजली. मला तिचं काय कवतिक? पण माझं हाड मोडलंय तिच्यात. मला इचारायचं हुतंस.”

त्यानं ताटातलं सगळं संपवलं, कारण टाकणं आणखी वाईट दिसलं असतं.

निघायची वेळ झाली तेव्हा म्हाळसाबाई म्हणाली, “तू जाय. मी राहते हिच्याकडं.”

“कधी येऊ न्यायला?”

“सांगन.”

ती दारापर्यंतही आली नाही. तो एकटाच परतला. तिनं फोन केला तो दिवाळीच्या तोंडावर, आणि तोही शीलाला.

डिस्कची पुढची आवृत्ती काही निघाली नाही. उरलेले डबे पुंडलिकनं दुकानाच्या माळ्यावर टाकले. कुणी सिनेमा मागितला तर तो पहिली डिस्क देई आणि दुसरी स्वतःकडं ठेवून घेई. दुसरीत काही नाही, असं सांगे. रामेश्वर एकदा दुकानात असताना त्यानं हेच एका गिऱ्हाइकाला सांगितलं, आणि दोघांनी एकमेकांकडं बघायचं टाळलं.

किंकाळी मात्र सुटली होती. कुणीतरी ती मोबाईलची रिंगटोन करून पसरवली. टपरीवर वाजायची, रिक्षात वाजायची. एकदा रजिस्ट्री ऑफिसच्या गर्दीत ती वाजली आणि लोक हसले. फोन ज्याचा होता तो माणूस रामेश्वरला ओळखत होता.

“भाऊ, तुमच्या मातोश्री ना? त्या भिंतीवर चढणाऱ्या? काय चढल्यात राव!”

मान हलवून पुढं जाता आलं असतं. रामेश्वर थांबला.

“भिंत चढली ती माझी आई नाही,” तो म्हणाला. “ती सरूबाई. आमच्याच गावची. तिचं नाव कुठं लिहिलेलं नाही.” मग त्यानं उभ्या उभ्या सगळं सांगायला सुरुवात केली, बारवेचं, टँकरचं, कंबरेचं.

तो माणूस ऐकत होता. निदान तसं दिसत तरी होतं. सांगून झाल्यावर त्यानं मान डोलावली, “अच्छा, अच्छा,” म्हणाला, आणि मग विचारलं, “बरं भाऊ, पूर्वेला तोंड असलेला एखादा प्लॉट शिल्लक आहे का?”